चुंबळीच्या पहिल्या नंबरावर हरकत

प्रति,
मा. प्रदर्शन अधिकारी,
जिल्हा वस्त्रकला प्रदर्शन, बीड.

विषय : माझ्या धाकट्या जावेच्या चुंबळीस प्रथम क्रमांक दिल्याबाबत हरकत.
संदर्भ : त्या वेळच्या टाळ्या, ज्या मी स्वतः ऐकल्या.

महोदय,

मी खाली सही करणारी बायडाबाई सिदू गडदे, रा. लिंबागणेश, सविनय अर्ज करते की, लहान गोधड्या व कापडी शिल्पे यांच्या आपल्या प्रदर्शनात मी व माझी जाऊ शिवकन्या, अशा दोघींनी काम दिले होते. आम्ही एकाच चुलीवर जेवतो, म्हणून एकाच पिशवीत आणले.

१. माझी गोधडी नियमाप्रमाणे लहान होती. आपल्या शिपायाने ती आसन समजून प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीवर घातली. परीक्षक कामे पाहत फिरले तेव्हा माझे काम पाहुण्यांच्या खाली होते. उठताना पाहुणे ‘लई मऊ हाय’ असे म्हणाले. तो अभिप्राय लेखी मिळावा.

२. शिवकन्येने घागरीखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ दिली. वरून रंगीत चिंध्या गुंडाळल्या, धावदोरा घातला, की झाले शिल्प. आपण ती काचेच्या पेटीत ठेवून ‘भार’ अशी पाटी लावली. महोदय, आतली चुंबळ माझ्या लुगड्याची आहे. ही लग्न होऊन आली तेव्हा हिला डोक्यावर घागर धरता येत नव्हती, घरी येईपर्यंत पदर ओलाचिंब. तेव्हा मी माझ्या डोक्यावरची चुंबळ काढून हिला दिली. भार वाहिला मी, टाळ्या हिला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

३. शंका असल्यास कार्यालयात भरली घागर मागवून चुंबळ दोघींच्या डोक्यावर आळीपाळीने ठेवून पाहावी. जिची घागर डुचमळणार नाही, तिची चुंबळ. साहेबांच्या टेबलावर पाणी सांडल्यास मी पुसून देईन.

४. माझ्या पोटात दुखते, असे गावात बोलतात. दुखते, नाही कशाला म्हणू? पण नंबराचे एक वेळ सोसले असते. हे कोणी शिकवले, असे आपण तिला व्यासपीठावर विचारलेत. ती माईकवर म्हणाली, ‘कुनी न्हाई, आपल्या मनानंच.’ मी समोरच बसले होते. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. जेवताना मीठ लागले तरी मी शेळीकडे बघून मागते.

५. आता ती चुंबळ घेऊन सोलापूरच्या प्रदर्शनाला जाणार असून सोबत एक माणूस नेता येतो, असे समजते. तिने नवऱ्याचे, म्हणजे माझा दीर भागवत याचे नाव दिले आहे. भागवतला मांजरसुंबा ओलांडले की गाडी लागते. शिवकन्येला परक्या जागी झोप येत नाही, उशाशी कोणीतरी बसावे लागते. आजवर मीच बसत आले आहे. तरी भागवतचे नाव खोडून तेथे माझे लिहावे आणि हे मी सांगितले, असे तिला कळू देऊ नये.

जास्त लिहिले असल्यास जळफळाट समजून माफी असावी.

आपली नम्र व सध्या अबोल,
बायडाबाई सिदू गडदे
लिंबागणेश, दि. १७ जानेवारी २०२५

सोबत : आधार कार्डाची प्रत. तिकिटाला लागेल.