रखमाकाकीचा फॉर्म

लालबाग, ९ जानेवारी २०२५

ती. लतिकाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोललो की घरातल्यांना वाटतं आपलं भांडण जुंपलंय. म्हणून पुन्हा पत्रावर आलो.

आपल्या गल्लीचा रस्ता पालिका नव्याने बांधणार आहे. त्याआधी रहिवाशांना काय हवंय हे विचारणारे छापील फॉर्म आलेत. फुटपाथ, बस, पार्किंग, मोकळ्या जागा, यातल्या तीन मागण्या क्रमाने लिहायच्या. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून बेचाळीस घरांचे फॉर्म मीच गोळा करतोय. घरोघरी चहा पिऊन पित्त झालंय. तिसऱ्या मजल्यावरच्या शामरावांनी पहिली मागणी लिहिली, वरच्यांनी कुंड्यांचं पाणी खाली सोडू नये!

महिनाअखेरच्या रविवारी आपल्या इमारतीतल्या रखमाकाकीकडे जाणार. तिला लिहिता-वाचता येत नाही, ती सांगेल तसं मी लिहीन. तुझ्या भाच्याने, राजेशने गाडी घेतली. रात्री मिळेल तिथे लावतो आणि सकाळी कुठे लावली ते आठवत बसतो. तुझ्या मनात काही असेल तर कळव.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
निलेश


वेंगुर्ले, १६ जानेवारी २०२५

चि. निलेश यास अनेक आशीर्वाद.

माझ्या कानांना नावं ठेवतोस, पण बायको हाक मारते तेव्हा तुला तरी कुठे ऐकू येतं?

गणपतीत आम्ही गाडीने येतो तेव्हा ह्यांना दोन-दोन तास जागा शोधावी लागते. मागच्या वर्षी आरती चुकली. तेव्हा पार्किंगचं जोर लावून लिही. एका घराने लिहून काही होत नाही, दहा-बारा घरांनी लिहायला हवं. तू सेक्रेटरी आहेस, जमवशील.

काकीला नमस्कार सांग. तिची नायगावची बहीण सगुणा अजून अंथरुणावरच आहे का? काकी या वयात रोज दुपारी बसने जाऊन तिला भरवते. आपण दोघं मात्र वर्षातून एकदा भेटतो.

पित्तावर कोकम घे. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
ताई


लालबाग, १४ जुलै २०२५

ती. ताईस,
शि. सा. न.

सहा महिने पत्र नाही म्हणून रागावली असशील. लिहायला बसायचो आणि उठायचो.

रस्ता मे महिन्यात झाला, चांगला झाला. आपल्या दारातला बसथांबा मात्र गेला. तो मोठ्या सिग्नलच्या पलीकडे नेला आणि त्या जागी गाड्यांसाठी पांढरे पट्टे मारले. बहुतेक घरांची पहिली मागणी पार्किंगची होती, असं कार्यालयातून कळवलं. जिथे लोक बससाठी उभे राहायचे, बरोबर तिथेच राजेशची गाडी उभी असते.

आता जे सांगायचं ते सांगतो. त्या रविवारी काकीने मला शिरा खायला घातला. मग समोर बसून सावकाश सांगितलं. बसथांबा दारातच राहू दे, आणि तिथे टेकायला बाक हवा. फुटपाथ सपाट करा, पाय अडखळतो. आणि गिरणीच्या मोकळ्या जागेत म्हाताऱ्यांना फिरायला बाग ठेवा. मी मान डोलावत लिहीत होतो. पहिल्या ओळीत लिहिलं, पार्किंग. दुसऱ्या ओळीत लिहिलं, त्यासाठी बसथांबा हलवावा. तिसरी ओळ कोरीच सोडली. काकीने विचारलं, बागेचं लिहिलंस ना रे? मी हो म्हणालो. तिने अंगठा लावला.

कुलूप असलेल्या नऊ घरांचे फॉर्मही मी घरी बसून तसेच भरले. पण ते मला आठवत नाहीत. आठवतो तो अंगठा.

सिग्नल सुटेपर्यंत काकी निम्मा रस्तासुद्धा ओलांडत नाही. एकदा मधोमध अडकली, दोन्हीकडून हॉर्न, घाबरून तिथेच खाली बसली. तेव्हापासून तिचं नायगावला जाणं बंद आहे. सगुणाबाई रोज दुपारी सुनेला विचारते म्हणे, आज बस चुकली का.

परवा काकी लिफ्टमध्ये भेटली. मी काही बोलायच्या आत तीच माझी समजूत घालायला लागली. म्हणाली, झिला, तू लिवलंस ता बरोबर लिवलंस, पण त्या हापिसातल्यांका वाचूक येता खंय? आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझा मजला आला तरी मला बाहेर पडता येईना.

ताई, हे घरात कोणालाच ठाऊक नाही. काय करू ते लिही.

निलेश


वेंगुर्ले, २२ जुलै २०२५

चि. निलेश यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी ह्यांना दाखवलं नाही. आधी तुझा राग आला. मग माझं जानेवारीतलं पत्र आठवलं आणि जेवण गेलं नाही. दहा-बारा घरांनी लिहायला हवं, हे मीच लिहिलं होतं ना? आणि त्याच पत्रात खाली काकीच्या बसचंही मीच विचारलं होतं. माझ्या हातून दोन्ही लिहून झालं, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध आहे हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

पण मला सांगून तू मोकळा होणार नाहीस. अंगठा माझा नव्हता. तिच्या फॉर्मची प्रत घे, तिच्यासमोर बस, आणि वर काय लिहिलंय ते तिला वाचून दाखव. कारणं सांगू नकोस. राजेशचं नाव घेऊ नकोस, माझंही नको. ती काय बोलेल ते ऐकून घे. मग सोसायटीत सांग.

यंदा आम्ही गणपतीला एसटीने येऊ. ह्यांना कारण मी सांगेन.

तुझ्यावर माया आहे, म्हणूनच इतकं कडक लिहिलं.

ताई


लालबाग, ११ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं.

प्रत घेऊन गेलो तेव्हा काकी अळूची पानं पुसत होती. समोरच्या दारातली डायना, बँकेत आहे ती, मदतीला बसली होती. ती जाईपर्यंत थांबावं असं मनात आलं. मग तिच्यासमोरच वाचलं. काकी म्हणाली, परत वाच. परत वाचलं. तिने कागद हातात घेतला, अंगठ्याच्या खुणेवर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, माझी गाडी खंय असा रे? ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, रोज गाडीने नायगावला सोडतो. ती म्हणाली, त्या गाडीत मी बसूचंय नाय.

सोसायटीच्या सभेत उभा राहून सगळं सांगितलं आणि सेक्रेटरीपद सोडलं. लोक रागावले, पण खोट्या फॉर्मांवर थोडेच, पार्किंग जाईल म्हणूनच जास्त. राजेशने गाडी हलवली. माझ्याशी बोलत नाही. कार्यालयात मी लेखी कबुली दिली. तिथले अधिकारी म्हणाले, रहिवाशांनी नवे अर्ज द्यावेत, थांब्याचा फेरविचार होईल, पण खात्री देता येत नाही. तोपर्यंत शनिवारी डायना काकीला हात धरून सिग्नल ओलांडून देते आणि बसमध्ये बसवते. आठवड्यातून एक दुपार तरी सगुणाबाईला बहीण दिसते.

काल काकीने बोलावलं. नवा अर्ज मलाच लिहायला सांगितला. तेच थांब्याचं, फुटपाथचं, बागेचं, तसंच सावकाश सांगितलं. मी शब्दन्‌शब्द लिहिला. मला वाटलं, तिने मला माफ केलं. मी शाईचं पॅड पुढे सरकवलं. तिने ते बाजूला ठेवलं, उठून दार उघडलं, समोरून डायनाला बोलावलं आणि कागद तिच्या हातात दिला. म्हणाली, तू वाच गो, मोठ्यान वाच.

डायनाने पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं. माझी मान वर झाली नाही. मग काकीने अंगठा लावला.

तुम्ही या. लोभ राहू दे, एवढंच मागतो.

तुझा,
निलेश