मांजर पाणी पितं

नाशिक,
९ फेब्रुवारी १९३७

प्रिय मालन,

तुझी कार्डं एकामागोमाग आली आणि प्रत्येकात एकच ओळ, मांजर पाणी पितं का? मी कशी आहे, मासूमाची जखम भरली का, काही नाही! शाळेत एका बाकावर बसलेल्या मैत्रिणीपेक्षा तुला ते रानटी मांजर जवळचं झालं, असं म्हणून मी मासूमाच्या अब्बांपाशी हसलेसुद्धा. आता हसत नाही. तर आधी उत्तर घे. पितं. खातं, पितं आणि माझ्यावर फिसकारतं. डॉक्टरांनी सांगितलेले दहा दिवस काल पुरे झाले. पोरीला सुया टोचायला मुंबईला न्यावं लागणार नाही.

तो दिवस काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही. लग्नसराईच्या बांगड्यांच्या पेट्या आल्या होत्या आणि पेंढ्यातल्या उंदरांच्या मागावर ते मांजर यायचं. मासूमा जन्मल्यापासून आमचा मणियारांचा धंदा बघते. गिऱ्हाइकाचा हात घ्यायचा, अंगठ्याचं मूळ दाबायचं आणि गोड बोलत बांगडी सरकवायची. मी तुझा हात भरत होते, तेवढ्यात पोरीनं उंदरावर टपलेल्या मांजराचा पंजा तस्साच दाबला आणि त्यावर बाळबांगडी चढवायला गेली! मनगटात दात रुतले. किंकाळी ऐकून गल्ली काठ्या घेऊन धावली, मासूमाचे अब्बा सगळ्यांच्या पुढे, आणि तू दारात आडवी उभी राहिलीस. "मारायचं नाय! मांजर जितं पायजे!" घाबरलीस की तुझ्या तोंडी सासरची बोली येते, पण असा आवाज मी तुझा कधी ऐकला नव्हता. मग साबण लावून पोरीचं मनगट धूत बसलीस. मी बास म्हटलं तरी थांबेनास. मला वाटलं, रक्ताला भ्यालीस.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मांजर कोंडून ठेवा, दहा दिवस धड राहिलं तर ते पिसाळलेलं नाही, भीती नाही. आजारी पडलं किंवा पळालं, तर थेट मुंबईची गाडी धरा. सांगायला काय जातं! माणूस दिसताच माळ्यावर पळणारं जनावर धरायचं कसं? मासूमाच्या अब्बांनी गोणपाट घेऊन झडप घातली. मांजर निसटलं आणि बांगड्यांची एक पेटी खाली येऊन नुसता चुरा झाला. तेव्हा तू माहेरचा मुक्काम वाढवलास आणि आम्हां सगळ्यांना पाठ फिरवून बसवलंस. डोळ्याला डोळा द्यायचा नाही, हात पुढे करायचा नाही, रिकाम्या पेटीत सुकट ठेवून आपापलं काम करायचं. मला काही ते पटलं नव्हतं. पण बांगड्या निवडता निवडता मागे खसखस झाली, तू झाकण वर धरून ठेवलेली सुतळी सोडलीस आणि झाकण पडलं. आत नुसता धिंगाणा. तू वरून गोधडी टाकलीस, तसं अंधारात ते हळूहळू निवलं. पाण्याची वाटी फळ्यांच्या फटीतून सरकवायची, बोटं आत घालायची नाहीत, हे तू मला जाताना तीनदा बजावलंस.

तू गेल्यावर रोज उठले की आधी वाटीकडे बघायचे, मग मासूमाकडे. एका सकाळी वाटी भरलेली तशीच. मासूमाचे अब्बा गाडीची वेळ विचारायला निघालेसुद्धा. मी पेटीकडे पाठ करून दुआ मागत बसले आणि थोड्या वेळानं मागे लपलप ऐकू आली. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही ग! काल झाकण उघडलं. बाईसाहेब बाहेर आल्या, अंग ताणलं आणि पेंढ्यातच झोपल्या. हात लावू देत नाही, पण पळतही नाही. मासूमा लांबूनच सलाम करते.

एवढं कार्डावरही मावलं असतं. पाकीट लिहायला घेतलं ते दुसऱ्याच कारणानं. काल तुझी नणंद कुसाबाई बांगड्या भरायला आली होती. मी हौसेनं मांजराची हकीकत सांगू लागले, तर तिनं हात सोडवून घेतला. म्हणाली, "वैनीनं सांगितलं नाय तुला? रंगनाथला कुत्रं चावलं व्हतं. गावानं त्याच दिशी कुत्रं मारलं, अन् समद्यांना वाटलं, सुटलो. जखमेत हळद भरली. महिन्यानं पोरगं पाण्याला भ्यायला लागलं, तवा कळलं कुत्रं पिसाळलेलं व्हतं."

मालन, तुझा लेक तापानं गेला असं तू मला लिहिलं होतंस. मी तेच खरं धरून बसले. कार्डावरची ती एक ओळ लिहिताना तुला काय होत असेल, हे मला कालपर्यंत कळलं नाही. त्याच्याबद्दल बोलावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तरी ये. आमचं मांजर निरोगी निघालं हे नशीब, पण ते निरोगी आहे हे कळलं तुझ्यामुळे. नाहीतर आम्हीही काठी घालून सुटलो म्हटलं असतं आणि पुढे रोज पोरीच्या हातात पाणी देताना मी मेले असते. आभार मानले तर रागावशील, तरी मानते. रंगनाथच्या वेळी दारात आडवं उभं राहणारं कोणी नव्हतं. मासूमाच्या वेळी तू होतीस.

तुझीच,
हाजरा