एकोणीस इमारती आणि माझी एक सही

भाईंदर पूर्व, रविवार

आदरणीय दाजींना संचिताचा सविनय जयभीम.

मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे ताईकडून कळलं. थेंब वेळेवर घालत जा. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

तुम्ही तीस वर्षं पोस्टाच्या युनियनमध्ये काढलीत, म्हणून हे आधी तुम्हालाच कळवतेय. आमच्या साहेबांनी खारी गावाची बीट आणि शेजारच्या सोसायट्यांची बीट एक करायचं मनात आणलं. म्हणजे खारीचं टपालही सोसायट्यांच्या नीलेशवर, आणि त्याचा गुडघा तर जिना बघूनच दुखतो. युनियनशी बोलल्याशिवाय असं काही ठरवता येत नाही, म्हणून बैठक लागली. आमचे सचिव जितेंद्रभाऊ काविळीने घरी, तेव्हा मला पाठवलं. (निवड कशी झाली म्हणाल, तर मी टपाल वाटायला बाहेर होते. जे ऑफिसात हजर होते त्यांनी एकमताने माझं नाव सुचवलं.)

बैठकीत मी तासभर भांडले. साहेब प्रत्येक मुद्द्याला "बरोबर आहे मॅडम" म्हणत होते. मग बटाटेवडे आले, पाठोपाठ इतिवृत्त आलं, आणि मी वड्याच्या तेलकट हाताने सही केली. संध्याकाळी काउंटर सांभाळणाऱ्या साक्षीने ते वाचून दाखवलं: "संघटनेने प्रस्तावाचे स्वागत केले." नीलेश ते ऐकून नुसता गुडघ्याचा पट्टा घट्ट करत बसला. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले. म्हटलं, "सर, सही माझी आहे, पण मत माझं नाही."

"मॅडम, मॅपवर सगळं मिळून चार किलोमीटर होतंय."

"मॅपवर जिने दिसत नाहीत सर. एकदा माझ्याबरोबर चला."

भला माणूस, आला. खारीत शेवंतीआजींनी त्यांना नवा पोस्टमन समजून ओट्यावर बसवलं, पेन्शनचं पत्र दोनदा वाचून घेतलं (साहेबांनी वाचलंही छान) आणि म्हणाल्या, "उद्या पन तूच ये बाला. त्या दुसऱ्याला टाइम न्हाय." तिथून सोसायटीत गेलो. चौथ्या मजल्यावर एक रजिस्टर पत्र द्यायचं होतं, लिफ्ट नाही. दार उघडणारा म्हणाला, "नीचे वॉचमन को दे देते ना." उतरताना साहेब पायरीवरच बसले.

"अशा किती इमारती आहेत?"

"एकोणीस, सर."



पुढच्या सोमवारी बैठक पुन्हा झाली आणि दोन्ही बीट वेगळ्याच राहिल्या. इतिवृत्त मी दोनदा वाचलं, तोवर वडा गार झाला. नीलेशने सगळ्यांना पेढे वाटले. खरं सांगते, माझे डोळे भरून आले.

ताईला आठवण सांगा. प्रकृतीला जपा.

तुमची,
संचिता

ता. क. पेढे बीटचे नव्हते, हे नंतर कळलं. नीलेशने मार्चमध्येच गावाकडे बदलीचा अर्ज टाकला होता, तो मंजूर झाला.

ता. क. दुसरा. त्याची बीट मला मिळाली आहे. (माझी आत्तापर्यंतची स्टेशनसमोरच्या दुकानांची, सगळी सपाट.) बैठकीत मी त्या जिन्यांचं इतकं बारकाईने वर्णन केलं की साहेबांना दुसरं कोणी सुचलंच नाही म्हणे. विभागात तुमच्या ओळखीचं अजून कोणी असेल, तर काउंटरवर माझ्यासाठी जागा बघाल का? युनियनच्या कानावर मात्र जाऊ देऊ नका. जितेंद्रभाऊंनी राजीनामा दिलाय, आता सचिव मीच आहे.