जिभेखालचे थेंब

प्रिय ठमे,

फोनवर सांगायला घेतलं की तू घाईत असतेस, आणि मी आपला हवापाण्यावर येऊन थांबतो. म्हणून लिहितोय. तुला न विचारता एक उद्योग केला. इथल्या इस्पितळात मांजराच्या अ‍ॅलर्जीवरच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती, तिच्यात नाव घातलं. म्हटलं, बरं होऊन तुला चकित करावं. रोज सकाळी जिभेखाली थेंब धरायचे आणि मुरेपर्यंत तोंड मिटून बसायचं. मध्ये अजिबात बोलायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा बजावलं. मला हसूच आलं. तुझी आई गेल्यापासून सकाळी या घरात बोलायला आहे कोण?

औषध काहींनाच मिळतं, बाकीच्यांना नुसतं पाणी. कुणाला काय, ते देणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. माझ्या जिभेखाली सुरुवातीला खाज सुटायची, तेव्हा वाटलं, आपले थेंब खरे असावेत. शेवटची आलीस तेव्हा तुझा बोका सोफ्यावर ऐसपैस पसरला होता आणि माझा श्वास असा कोंडला की तूच गाडीत घालून मला दवाखान्यात नेलंस. जाताना म्हणालीस, त्याला एकटं सोडवत नाही आणि आणलं तर तुमच्या जिवावर बेततं. पटलं मला. तेव्हापासून कुणी विचारलं की मी तेच सांगतो. लेक बापाच्या काळजीने येत नाही, हे सांगायला बरं वाटतं.

परवा शेवटची तपासणी झाली. बंद खोलीत दोन मांजरं मोकळी सोडतात आणि आपल्याला खुर्चीत बसवतात. नाक, डोळे, छाती कशी आहे ते अधूनमधून सांगायचं. एक मांजर सरळ माझ्या मांडीवर येऊन बसलं. मी शिंकेची वाट बघतोय, तर तिचा पत्ताच नाही. तरी सिस्टर विचारायला आल्यावर मी म्हटलं, डोळे चुरचुरताहेत, दम लागतोय. तिने नळीत फुंकायला लावलं, डोळे तपासले.

"काका, सगळं स्वच्छ आहे हो. लोक इथे बरं वाटतंय म्हणून खोटं सांगतात. तुमचं उलटंच काय?"

खरं ते लिहा म्हटलं आणि मांजराच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलो. किती दिवसांनी कुणीतरी इतकं जवळ बसलं होतं.

ठमे, त्या खोलीत मला बरं होण्याचीच भीती वाटली. आजारी होतो तोवर तू बोक्यामुळे येत नाहीस असं धरून चालता येत होतं. आता ते कारण गेलं. हे वाचूनही तू आली नाहीस, तर काय समजायचं ते मी समजेन. बोक्याला घेऊन ये. नाही जमलं तरी चालेल, असं पुढे लिहिणार होतो. पण नाही चालणार गं.

तुझाच, मांजराला न शिंकणारा,
बाबा