नळीतली माती आणि निळं पाणी

सदाशिव पेठ, पुणे
७ जानेवारी २०२५

चि. सलोनीस अनेक आशीर्वाद.

तुझी मातीने भरलेली नळी गच्चीत सुखरूप आहे. तू आखून दिल्याप्रमाणे रोज निळं पाणी वरून थेंबथेंब सोडतो आणि तळाची बाटली बघतो. शाळेत पाठ केलेल्या कविताही तिला म्हणून दाखवतो. तुझी आजी म्हणते, माती तरी ऐकून घेते. आनंदाची बातमी अशी की रंग आजच तळाशी उतरला. तुझ्या कॉम्प्युटरने महिनाअखेर सांगितली होती ना? माती तुझ्यासारखीच, वेळेआधी पेपर देऊन उठणारी.

लोभ आहेच, तो वाढवावा.
तुझा आजोबा
गोपाळकृष्ण

दापोली
११ जानेवारी

ती. आजोबांस सा. न.

वेळेआधी म्हणजे संकट आहे. पाण्यात विरघळलेला रंग मातीच्या कणांना चिकटत, सुटत, रमतगमत उतरतो. तो कधी पोचेल याचं गणित हाच माझा प्रबंध. गणित खोटं ठरलं तर माझ्या गाइड मॅडम वर्षाचं काम टाकून द्यायला लावतील. सगळं पुन्हा तपासलं, चूक सापडेना. तुम्ही माती उकरलीत का? जास्त पाणी ओतलंत का? खरं सांगा, रागावणार नाही. रागावले तरी दापोलीतून.

आजीला नमस्कार. माया असू द्या.
सलोनी

सदाशिव पेठ
१५ जानेवारी

चि. सलोनीस आशीर्वाद.

पेन्शनर माणूस थेंबभरही जास्त ओतत नाही. माती उकरलीही नाही. फक्त तू गेल्यावर ती फार एकटी वाटली, पोरं नसलेल्या वर्गासारखी. म्हणून कुंडीतली थोडी गांडुळं तिच्यात सोडली. लगेच रुळली, खाली-वर हिंडतात. गरीब जीव ते, त्यांचा तुझ्या गणिताशी काय संबंध? शेजारचे हिंमतराव म्हणाले, नात आता तुम्हाला घरात घेणार नाही. घर माझं आहे, हे त्यांच्या लक्षात आणून दिलं.

जेवत जा. लोभ कमी करू नये.
आजोबा

दापोली
२० जानेवारी

ती. आजोबांस,

नमस्कार शेवटी. तुमच्या गरीब जीवांनी वरपासून तळापर्यंत बोगदे पाडलेत. रंग कणांना न भेटता थेट खाली आला. मॅडमना सांगताना मान वर होईना. त्या आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, गांडुळं नसलेली माती फक्त तुझ्या कॉम्प्युटरात आहे. शेतातलं खतही असंच बोगद्यांतून विहिरीत उतरत असेल, ते गणितात घे. प्रबंध बचावला, काम दुप्पट झालं.

शनिवारी दुसरी नळी घेऊन येते, गांडुळांविना. तिला एकटीच राहू द्यायची आहे, म्हणून पेटीत ठेवून कुलूप लावणार. किल्ली आजीकडे.

सा. नमस्कार. लोभ माझ्यावर असावा, नळीवर नको.
सलोनी