खाचेतली ओढ

३ जुलै
आलं एकदाचं! रसायनशास्त्रातले रेणू हाताने चाचपून शिकवायचं यंत्र. टेबलावर एक वाकडा दांडा, त्याच्या टोकाला पेन. पेन धरायचं, पडद्यावरचा औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेपाशी न्यायचा. नीट बसायला लागला की पेन म्हणे बोटांना हलकेच खेचतं, चुकला की ढकलतं. अर्धा तास हलवत बसले. ढिम्म! प्राचार्य म्हणाले, "बाई, दहा-बारा दिवस वापरा. तुम्ही हो म्हणालात तर ठेवू, नाहीतर परत." म्हणजे आलं माझ्याच गळ्यात.

५ जुलै
मेकॅनिक आला. स्वतः धरून बघितलं — "मॅडम, ठणठणीत आहे!" मी धरलं तर नुसता दांडा. जोर वाढव म्हटलं, तर म्हणे, "बारीकच असतो तो. बोटांच्या टोकांना कळतो." मला अक्कल शिकवतोय!

८ जुलै
वर्गात दिलं. एकच गलका — "बाई, ओढतंय! ओढतंय!" पहिल्या बाकावरची ती चष्मिस तर किंचाळलीच. मी गेलं वर्षभर फळ्यावर बाण काढून घसा कोरडा केला, तेव्हा हिच्या चेहऱ्यावरची माशी हलली नव्हती. एकीने म्हटलं, बाकीच्यांनी री ओढली. दुसरं काय!

९ जुलै
गरम पातेलं नुसत्या हातांनी उतरवलं. हे ओरडले, "अगं, हात बघ!" दोन फोड. डोक्यात ते मेलं यंत्र असलं की असंच होणार.

१२ जुलै
चाचणी तपासली. रेणू खाचेत का बसतो? एकवीस जणांचं उत्तर — "त्याला तिथली ओढ लागते." ओढ! रेणूला काय माहेरची ओढ लागलीय? आकर्षण बल लिहायला हात मोडतात? सगळ्यांचे गुण कापले.

चष्मिस भांडायला आली. "पण बाई, खरंच लागते! खाचेच्या तोंडाशी आधी जरा ढकलतं, मग एकदम आत. तुम्हाला नाही लागली?"

नाही लागली! आगाऊ कुठली. पण ते "आधी ढकलतं" मी वर्गात कधी सांगितलंच नव्हतं. हिने आणलं कुठून?

१५ जुलै
अहवाल दिला — यंत्र सदोष, परत पाठवावे. चष्मिस दारातच उभी होती, डोळे भरलेले. मलाही वाईट वाटलं. पण खोटं कसं लिहू?

१६ जुलै
बटणं लागेनात. लेक लावून देता देता म्हणाली, "आई, तू सारखं बघून का लावतेस? हाताला कळत नाही?" उद्या दवाखान्यात नेणार म्हणे. नसता उपद्व्याप!

१७ जुलै
डॉक्टर म्हणाले, "डोळे मिटा. टोचलं की सांगा." मिटले. बसले. बसूनच राहिले. शेवटी वैतागून म्हटलं, "अहो, करा की सुरुवात!"

"बाई, दहाही बोटं झाली."

तिथूनच प्राचार्यांना फोन केला — यंत्र परत पाठवू नका.