चार नंबरला सगळं चालतं

४ ऑक्टोबर

आलो बाबा एकदाचा! ही वही आईने ग्रिम्सबी स्टेशनवर हातात कोंबली. म्हणाली, विल्फी, मोठा नट झालास की लोक विचारतील सुरुवात कशी झाली, आणि तुला तर काल काय जेवलास तेही आठवत नाही, तेव्हा लिहून ठेव. तर लिहितो. मी विल्फ्रेड गार्साइड, वय वीस, डर्बीशरच्या एका दरीत, मोजे विणायच्या जुन्या गिरणीत थाटलेल्या स्टुडिओत, स्वतःच्या ट्रेलरमध्ये पाय पसरून बसलोय. दारावर नाव नाही, नुसता ४ आहे. इथे प्रत्येक भूमिकेला नंबर असतो आणि रोजच्या कामाच्या कागदावर तोच छापतात. वॉकीटॉकीवर ओरडतात, चार नंबर निघाला, चार नंबर पोचला. मला तर भलतीच ऐट वाटली.

स्टेशनवरून आणणाऱ्या ड्रायव्हरने हीटर एवढा लावला होता की मी भट्टीतल्या पावासारखा भाजून निघालो. त्याने विचारलं, ठीक आहेस ना? मी म्हणालो, एकदम मस्त. पंचेचाळीस मिनिटं! आई असती तर म्हणाली असती, गाढवा, देवाने तोंड कशाला दिलंय?

आजवरची कारकीर्द एका दमात सांगून होते. नवव्या वर्षापासून चर्चच्या हॉलमधली नाटकं. अकराव्या वर्षी ग्रेव्हीची जाहिरात, त्यामुळे आमच्या गल्लीत अजून ‘ए ग्रेव्ही!’ अशी हाक येते. मग एका पोलिसी मालिकेत बुडून मेलेला मुलगा. मेलेला म्हणून संवाद नाही. हॉस्पिटलच्या मालिकेत दोन वाक्यं. त्यानंतर दीड वर्ष सुपरमार्केटात डबे रचले. आणि आता ही आठ भागांची मालिका, पाद्रीबाबाच्या घरातला मधला मुलगा लॉरेन्स.

लॉरेन्स आधी बार्नबी हॅलम नावाचा मुलगा करत होता. तीन भाग झाले आणि तो निघून गेला. त्याचे लांबचे आणि पाठमोरे शॉट तसेच ठेवणार, चेहरा दिसतो तेवढे माझ्यावर पुन्हा घेणार. माझी एजंट फेनेला म्हणजे तोंडाला फडकं न बांधणारी बाई. म्हणाली, अभिनय बरा होता, पण त्यांना खरी आवडली ती तुझी मान, मागून. आणि एकच ताकीद दिली: त्रास देऊ नकोस. बार्नबी त्रासदायक होता. या धंद्यात एकदा तो शिक्का बसला की फोन वाजायचा थांबतो. मी म्हणालो, अगं, मी माशीलासुद्धा आधी सॉरी म्हणतो, मग हाकलतो.

५ ऑक्टोबर

पहिला दिवस. न्याहारीला बेकन घातलेला पाव, ब्राउन सॉस, वर दोन मग चहा. कामावर सगळ्यांशी सूत जमलं, पण खरी ओळख सांगायची तर मिसेस ॲस्क्यूची. साठीची बाई, अंगात लोकरीचं कार्डिगन, गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर जाडजूड वही. एका शॉटमध्ये कप उजव्या हातात आणि पुढच्यात डाव्या हातात असं होऊ नये, हे बघणं तिचं काम. प्रत्येक शॉटनंतर फोटो काढते, वहीत चिकटवते. सगळ्यांना इकडच्या रिवाजाप्रमाणे ‘बदका’ म्हणते. मला म्हणाली, बदका, कप डाव्या हातात होता तुझ्या. मला पक्कं आठवत होतं की उजव्या. तिने फोटो दाखवला. डावा.

ग्रेव्हीच्या जाहिरातीत मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, की फोटोवाल्या बाईशी कधी हुज्जत घालायची नाही, तिचंच बरोबर असतं. मी सॉरी म्हटलं, कप डाव्या हातात घेतला. दिग्दर्शक म्हणाला, वा, चार नंबर म्हणजे नुसतं लोणी आहे.

९ ऑक्टोबर

बार्नबीच्या डाव्या भुवईत लहानसा व्रण होता, म्हणून मेकअपची डिअर्ड्री रोज तो माझ्या भुवईत काढते. डिअर्ड्री बडबडी, पोटभर हसणारी. तिला विचारलं, बार्नबीने त्रास दिला म्हणजे केलं तरी काय? ती ब्रश धूत राहिली. मग म्हणाली की पोरगा चांगला होता, शेवटी शेवटी ऐकेनासा झाला. पुढे विषय बदलून तिच्या नवऱ्याच्या कबुतरांवर गेली.

१४ ऑक्टोबर

व्रण निघत नाही. काल साबणाने घासला, आज तेलाने. शेवटी डिअर्ड्रीकडे गेलो. ती म्हणाली, अरे, तो तर तुझाच ना? तीन दिवस झाले, मी हातही लावलेला नाही.

बोटाने चाचपला तर खाच लागते. रंगाला खाच कशी असेल? मिसेस ॲस्क्यू बाजूलाच होती. तिने माझा पहिल्या दिवशीचा, मेकअपच्या आधीचा फोटो काढून दाखवला. भुवईत व्रण. लहानपणी कुठेतरी पडला असशील, विसरला असशील, म्हणाली. मी म्हटलं, हो, असेल. माझ्यामागे आणखी दोघे खुर्चीसाठी थांबले होते, उगाच कशाला खोळंबा.

२० ऑक्टोबर

माझे डोळे निळे आहेत. आईचे, आजोबांचे, आमच्या घरात सगळ्यांचे. लिहून ठेवतो, कारण आज मिसेस ॲस्क्यूच्या वहीत ‘लॉरेन्स: डोळे तपकिरी’ असं वाचलं आणि मी हसत म्हणालो, इथे चूक झालीय बहुतेक. सहायक दिग्दर्शकाने घड्याळ बघितलं. ती मात्र शांतपणे पानं उलटत राहिली. सोळा दिवसांचे माझे फोटो, सगळ्यांत तपकिरी.

मी म्हणालो, सॉरी, माझंच काहीतरी चुकतंय. सगळे हसले. ट्रेलरमध्ये येऊन आरशात बघितलं.

तपकिरी आहेत. आई गं.

२६ ऑक्टोबर

आईला फोन केला. ती म्हणाली, कोण बोलतंय? मी म्हणालो, मीच. ती हसली, म्हणाली, अगदी लाटसाहेबासारखा बोलायला लागलास रे, त्या पाद्रीबाबाच्या घरात राहून. मग तिला शंका आली. माझ्या कुत्र्याचं नाव काय होतं ते विचारलं. मला सांगता आलं, बिस्तो. देवाची कृपा. फोन ठेवून एकटाच आमच्या गोदीकडच्या बोलीत चार वाक्यं म्हणून बघितली. शब्द माहीत आहेत, जीभ वळत नाही. परक्याने नक्कल करावी तसं वाटतं.

मला भीती वाटते. असं लिहायला लाज वाटते, पण वाटते.

१ नोव्हेंबर

आज जे झालं ते सगळं नीट लिहायचं आहे.

डबिंग होतं. बार्नबीच्या एका लांबच्या, पाठमोऱ्या शॉटवर माझा आवाज चढवायचा होता. संवाद साधा: ‘बाबा म्हणाले घोडे आत बांधा, पाऊस येईल.’ काचेच्या खोलीत उभा राहिलो, कानाला हेडफोन, समोर पडदा. तबेल्याजवळ पाठमोरा मुलगा. माझीच मान. आणि तो वळला.

चेहरा माझा होता. म्हणजे आरशात हल्ली दिसतो तो. व्रण, तपकिरी डोळे. हेडफोनमध्ये त्याचा मूळ आवाज येत होता, आणि तो लॉरेन्सचा संवाद म्हणत नव्हता. तो म्हणत होता, माझं नाव बार्नबी हॅलम आहे, मी लडलो गावचा, माझ्या बहिणीचं नाव टेस, मी लॉरेन्स नाही, कुणीतरी ऐका, माझं नाव बार्नबी हॅलम आहे.

म्हणजे हा त्याचा त्रास!

ध्वनिवाला म्हणाला, लांबचा शॉट आहे, ओठ कळत नाहीत, आपला संवाद बसेल बघ वर. जेवणाची सुट्टी दहा मिनिटं पुढे गेली होती, सगळे माझ्यासाठी खोळंबले होते. लाल दिवा लागला.

मी म्हणालो. बाबा म्हणाले घोडे आत बांधा, पाऊस येईल. एका टेकमध्ये. अगदी तंतोतंत बसलं. टाळ्या वाजवल्या त्यांनी.

त्या पोराचं तोंड मी बंद केलं. मी. एवढं सगळं ऐकून.

३ नोव्हेंबर

मिसेस ॲस्क्यूकडे गेलो, सरळ विचारलं. ती रागावली नाही. वही मागे मागे उलटली. बार्नबी आला त्या दिवशीचा फोटो: लालसर केस, फुगरे गाल, माझ्यासारखा मुळीच नाही. त्याच्याआधी आणखी एक मुलगा, चष्मेवाला. त्याच्याआधी एक सावळा, उंच. प्रत्येकाच्या चार-पाच पानांनंतर तोच चेहरा. ती म्हणाली, लॉरेन्स तर कुणीतरी असायलाच हवा ना, बदका. मग डब्यातली आल्याची वडी पुढे केली.

मी थँक्यू म्हणून ती खाल्ली. थूः माझ्यावर.

दुपारी बॅग उचलून फाटकापर्यंत गेलो. पळून जायचंच, असं ठरवून. पहारेकऱ्याने नुसतं विचारलं, तुझा शॉट आहे ना वीस मिनिटांत? मी म्हणालो, हो, सॉरी. आणि परत फिरलो. कुणी धरलं नाही, कुणी दार लावलं नाही.

५ नोव्हेंबर

फेनेलाला फोन. मला यातून सोडव म्हणालो. ती म्हणाली, वेडा आहेस का? अशी स्तुती तिने वीस वर्षांत ऐकलेली नाही. चार नंबरला सगळं चालतं म्हणतात तिथे. आता कच खाऊ नकोस, लॉरेन्स.

लॉरेन्स म्हणाली.

आईला मेसेज पाठवलाय: मंगळवारी ये, काही झालं तरी ये. सगळ्यांसमोर मला नावाने हाक मार. एवढं झालं की सुटेन. आईपुढे कुणाचा फोटो टिकणार? तिने मला जन्म दिलाय.

९ नोव्हेंबर

आई आली.

पाद्रीबाबाच्या जेवणघराचा सेट. ती कॅमेऱ्यामागे, चर्चला घालते तो हिरवा कोट घालून उभी. आम्ही आठ जण टेबलाशी. ती एकेक चेहरा बघत गेली — माझ्यावरून पुढे गेली — परत आली — पुढे गेली.

मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण कॅमेरा चालू होता. टेक बिघडला असता.

शॉट संपल्यावर मिसेस ॲस्क्यूने तिला सांगितलं की विल्फ गुरुवारीच घरी गेला, फार त्रास द्यायला लागला होता. आई म्हणाली, माझा विल्फी? शक्य नाही, तो कुणाला त्रास देणाऱ्यातला नाही. तिचे डोळे भरून आले. मग ती सरळ माझ्याकडे आली. माझ्याकडे! आणि परक्याशी बोलतात तसं, फार अदबीने विचारलं, की तू त्याच्याबरोबर काम केलंस का, राजा? कुठे गेला असेल काही बोलला का?

सहायकाने ‘शांतता!’ म्हणून आवाज दिला होता. सगळे थांबले होते. मी तोंड उघडलं —

मी म्हणालो, सॉरी, मॅडम, मला नाही माहीत. चांगला मुलगा होता.

तिने माझा हात दाबला आणि गेली. हिरवा कोट फाटकापर्यंत दिसत होता.

१० नोव्हेंबर

आईचा फोन लागत नाही — लागला तरी काय सांगू — कोण म्हणून

कुत्र्याचं नाव? ब वरून होतं. मागचं पान बघू नको. आठव. आठव ना.

११ नोव्हेंबर

दंडावर पेनाने लिहिलं, विल्फ्रेड गार्साइड. डिअर्ड्रीने ओला स्पंज आणला. ती रडत होती. मीच बाही वर करून हात पुढे धरला. तिला बिचारीला वाकायला लागू नये म्हणून.

उद्या नवीन मुलगा येतोय म्हणे. आठव्या भागापर्यंत — मला वाटलं होतं मीच — मान बघून निवडलाय.

मग मी कुठे जाणार? बार्नबी कुठे गेला? विचारायला हवं. जेवणानंतर विचारतो, आत्ता सगळे कामात आहेत.

१२ नोव्हेंबर

सकाळ. दार वाजलं. मिसेस ॲस्क्यू. बसली. माझ्या हातातल्या वहीकडे बघते आहे. थांबली आहे. घाई नाही म्हणते, होऊ दे तुझं.

पटकन — माझं नाव विल्फ — मी ग्रिम्सबीचा — माझी आई — आईचं नाव —

तिने फोटो टेबलावर ठेवला. याच टेबलाचा. हीच वही. उघडी. सगळी पानं कोरी. म्हणते, यात काही लिहिलेलं नव्हतं, बदका.

नीट बघितलं. खरंच कोरी आहेत.

मी म्हणालो, सॉरी, हो, कोरीच होती, माझंच चुकलं, थांबा, मी आत्ता पुस